तळटीपांचे आकडे

माझं सदाशिव पेठेत टायपिंगचं आणि पुस्तकांची पानं लावायचं दुकान आहे. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर नव्या संगणकावर उघडला की चिन्हांचा चिवडा होतो. एका निवृत्त शिक्षकांचं चारशे पानांचं पुस्तक असंच निघालं आणि मी ते पुन्हा टाइप करायला घेतलं. माझा धाकटा भाऊ खराडीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. रविवारी जेवायला आला, टाइप करून दुखावलेल्या माझ्या मनगटावरचा पट्टा बघितला. पुढच्या रविवारी तो मजकूर नीट करून देणारा प्रोग्रॅम घेऊन आला.

तो त्याने इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही वापरा, कुणीही बदला. मग तिथल्याच एका यादीवर लोकांच्या तक्रारी यायला लागल्या. नऊ वर्षं तो सुट्टीच्या दिवशी त्या निस्तरत बसला.

"त्यापेक्षा पाणपोई घाल," मी म्हणायचे. "लोक पाणी पिऊन गप्प जातात तरी."

"ताई, तुझं चालतंय ना? काही चुकत असेल तर सांग."

"चालतंय. जेव आता."

चुकत होतं. तळटीपांचे आकडे गळून जायचे. मी ते हाताने घालायचे. आधीच परक्यांचं इतकं करतोय, त्यात माझी भर कशाला, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी तो ऑफिसातच हृदयविकाराने गेला. त्याचा कर्वेनगरचा फ्लॅट मी दोन दिवसांत आवरला. त्याचा एक सहकारी म्हणाला, "ताई, तक्रारींच्या यादीवर तो गेल्याचं तेवढं कळवा. लोक अजून लिहितायत."

म्हणून दुकानात बसून ती यादी उघडली. तीन वर्षांपूर्वीची एक तक्रार दिसली. अकोल्याच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं, तळटीपांचे आकडे गळतात. खाली भावाचं उत्तर होतं: "माझी बहीण हा प्रोग्रॅम रोज वापरते. तिच्यासाठीच केलाय. आकडे गळत असते तर तिने मला जेवू दिलं नसतं. तुमची फाइल एकदा तपासून बघा."

प्राध्यापकांनी "बरं" लिहिलं होतं. तक्रार बंद.

समोर गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन उभं होतं. त्याला उद्या यायला सांगितलं.

मग प्राध्यापकांच्या "बरं"च्या खाली लिहिलं: "ती बहीण मी. तुमची फाइल बरोबर आहे. आकडे पहिल्या दिवसापासून गळतात, मी त्याला सांगितलं नाही. चार पानं नमुन्याला जोडते आहे." तो गेल्याचं शेवटच्या ओळीत लिहिलं.

प्राध्यापकांनी दोन ओळी सांत्वनाच्या लिहिल्या. आठवड्याने आणखी कुणीतरी विचारलं, दुरुस्ती कधी येणार? प्रोग्रॅममधलं मला काही कळत नाही, आणि यादीवर उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मी लिहिलं, "सध्या हाताने घाला. कसे घालायचे ते सांगते."