चेंबरखालचा पुठ्ठा

शांतवन गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिंगणापूरच्या स्टँडवर जीपचं बॉनेट उघडून इंजिनात तेल ओतत होतो. चार महिने हेच चाललं होतं. एक दिवसाआड अर्धा लिटर वरून ओतायचं आणि तेवढंच खालून रस्त्याला द्यायचं. फोनवर गावातला माणूस म्हणाला, “शांतवन मिस्त्री गेले. उद्या सकाळी दहाला चर्चमध्ये या.” मी “बरं” म्हणालो. नुसतं “बरं”... जणू सोसायटीची मीटिंग असल्याचं कुणी कळवलं होतं. मागच्या सीटवरच्या बाई ओरडल्या, “ओ भाऊ, तेल सांडतंय!” तेव्हा कुठे हातातल्या डब्याकडे लक्ष गेलं. ते अर्धा लिटर सगळं इंजिनावर गेलं होतं आणि गरम लोखंडावर त्याचा धूर निघत होता.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. पेपरात मी आजवर फक्त वाचकांची पत्रं लिहिली, तीही रस्त्यातल्या खड्ड्यांवर. राहुरी ते शिंगणापूर जीप चालवणारा माणूस मी, स्मृतिलेख वगैरे माझं काम नव्हे. पण त्याच्याबद्दल चार शब्द लिहायचे झाले तर ते मीच लिहायला हवेत, कारण त्याचा सगळ्यात मोठा गुन्हेगारही मीच आहे.

आम्ही पहिलीपासून एका बाकावर. त्याचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. पोराने पुस्तक धरावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं, आणि पोराने पाना धरला. चर्चच्या मागच्या भिंतीला लागून त्याने पत्र्याचं शेड टाकलं आणि तीस वर्षं तिथेच काढली. सगळ्या दुरुस्त्या तो करायचा, पण त्याचं नाव होतं ते चेंबरच्या पॅकिंगसाठी. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं जे पसरट भांडं असतं त्याला आम्ही चेंबर म्हणतो. ते भांडं आणि इंजिन यांच्यामध्ये कॉर्कची एक पट्टी बसते, तेच पॅकिंग. काम दिसायला फालतू. वीस-बावीस बोल्ट काढा, जुनी पट्टी फेका, नवी लावा, झालं. पण दहातल्या आठ गाड्या महिन्याभरात पुन्हा गळायला लागतात आणि मालक मिस्त्रीच्या नावाने खडे फोडत बसतो. शांतवनने बसवलेलं पॅकिंग चार-पाच वर्षांच्या आत गळलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याचं कारण त्याचा चिवटपणा. चेंबर निघालं की जुन्या पॅकिंगचा कण न कण ब्लेडने खरवडणार. रॉकेलच्या बोळ्याने पुसणार, मग कोरड्या फडक्याने, मग डोळे मिटून काठावरून बोट फिरवणार. आधीच्या कुणी बोल्ट पिळून काठ वाकवलेला असला तर चेंबर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करणार, आणि त्या आधीच्या माणसाचा उद्धारही करणार. सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावायचे. मग मधून सुरुवात करून बाहेर जायचं, या बाजूचा एक, त्या बाजूचा एक, थोडं थोडं. शेवटी आखूड पाना घेऊन तो अंगठा आणि दोन बोटांत धरायचा. “मूठ न्हाई, चिमूट,” म्हणायचा. “भास्कऱ्या, पॅकिंग आवळायचं नस्तंय, बसवायचं अस्तंय. तू आवळलंस की ते बाजूनं पळून जातंय.” मी एकदा हौसेने त्याच्या हातातून पाना घेतला आणि दोनच बोल्ट पिळले, तर याने माझ्या मनगटावर चापट मारली. म्हणाला, “तुझ्या हातात जोर लई हाय, आन सबुरी न्हाई.”

चेष्टा करायला त्याला मीच लागायचो. माझी गाडी गळायला लागली की गिऱ्हाइकांच्या देखत सांगायचा, “तिकडं लोक शनीला तेल वाहत्यात आन ह्यो भाद्दर रस्त्याला वाहतोय. तुलाबी पुण्य लागंल रं!” मी उलट बोललो की म्हणायचा, “शिंगणापुरात घराला दार न्हाई आन तुझ्या तोंडाला कडी न्हाई.” नाताळात त्याच्या बायकोच्या, रूथवहिनींच्या करंज्या मला पहिल्या, आमच्या दिवाळीतला चिवडा त्याला पहिला. असं सगळं होतं आमचं.

आणि त्याचा एक नेम होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पॅकिंग सकाळी बसलं की चेंबर दिवसभर तसंच ठेवायचं, पॅकिंगला लावलेली पेस्ट वाळू द्यायची. संध्याकाळी तेल भरायचं, इंजिन थोडं चालवायचं, आणि गाडीखाली बिस्किटाच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा सरकवून गाडी रात्रभर उभी ठेवायची. सकाळी मालकाने यायचं आणि पुठ्ठा मालकानेच ओढायचा. शांतवन स्वतः कधी बघायचा नाही. म्हणायचा, “मी बघितला तर मला कोराच दिसंल. माझं काम हाय ना!” मालकाने वाकून “कोरडा” म्हटलं की मगच किल्ली. आणि कुणी “ओला” म्हणालाच, थट्टेने म्हणाला तरी, हा वाद न घालता पुठ्ठ्यावर आडवा होऊन पहिल्यापासून सगळं खोलायला घ्यायचा.

तो जाण्याच्या चार महिने आधी, शनी अमावस्येच्या आदल्या दिवशी मी गाडी त्याच्याकडे नेली. चेंबर गळत होतं. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत दे, पहाटेपासून भाविक उभे असतात. तो म्हणाला, “आज लावतो. उद्या सकाळी पुठ्ठा बघ आन ने.” मी म्हणालो, एक दिवस पुठ्ठ्याचं नाटक राहू दे. तो म्हणाला, “न्हाई. गाडी ऱ्हाऊ दे. संध्याकाळी तूबी ये, चहा घेऊ, बसू.” त्याचं ते ‘बसू’ माझ्या कानावरून गेलं. मला बसायला वेळ कुठे होता! त्याने पहिला बोल्ट सैल केला आणि तो त्याच्या हातातून पडला. उचलला, पुन्हा पडला. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. त्यांच्या देखत मी बोललो... जे बोललो ते इथे लिहायलाच हवं. मी म्हणालो, “हात बघ कसे थरथरतात तुझे. बोल्ट धरवत नाही आणि गप्पा सांगतोस. म्हातारा झालास शांतवन, बंद कर आता हे दुकान.”

काढलेला बोल्ट त्याने होता तिथे परत लावला, बोटांनी, मग चिमटीत पाना धरून. फडक्याला हात पुसले. “घेऊन जा,” म्हणाला.

मी घेऊन गेलो. दुसऱ्या एका गॅरेजात तासाभरात काम झालं, पेस्टचा लपका मारला, हवेच्या मशीनने बोल्ट करकचून पिळले. अमावस्येच्या संध्याकाळी गाडी पहिल्यापेक्षा जास्त गळत होती. त्याच्याकडे परत जायला हवं होतं. पण काय तोंड घेऊन जायचं? चार महिने त्या शेडवरून रोज चार फेऱ्या केल्या आणि प्रत्येक फेरीला मान दुसरीकडे वळवली. शेवटचे दोन महिने शेड बंद दिसलं, तेव्हा मला बरंच वाटलं. हो, बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

त्याच्या डोक्यात गाठ होती. आमच्या भांडणाच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे मला मातीनंतर आठ दिवसांनी रूथवहिनींकडून कळलं. मी चिडलोच त्यांच्यावर, माझा स्वभावच मेला तसा. “वहिनी, मला एक फोन करायचा नाही का?” त्या शांतपणे म्हणाल्या, “ते म्हणायचे, भास्करला मीच सांगनार. त्या दिवशी तुमी गाडी आनली ना, तवाच सांगायचं ठरवलं हुतं त्यांनी. संध्याकाळी तेल भरताना. मला म्हनले, दोन कप चहा धाड.”

मग त्यांनी खाटेखालून दोन फळ्या ओढल्या, वर पाटा ठेवलेला. कॉर्क मोकळं ठेवलं तर वाकडं होतं, म्हणून दाबून ठेवलं होतं. माझ्या जीपचं पॅकिंग. पूर्वी तो असं पॅकिंग अर्ध्या तासात कापायचा. याला दीड महिना लागला, रोज बोल्टांची एक-दोन भोकं, दोन पॅकिंगं वाया गेली आणि तिसरं जमलं. कडेची पेन्सिलीची रेघ नागमोडी होती, पण काप बरोबर. एका कोपऱ्यात लिहिलं होतं, भास्कर. वहिनी म्हणाल्या, “येईल म्हनत हुते. त्याचं चेंबर गळतंय, जाईल कुठं.”

ते पॅकिंग मी स्वतः बसवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तेल काढलं, काठ खरवडला, रॉकेलने पुसला, डोळे मिटून बोट फिरवलं. वाकलेला काठ ठोकळ्यावर सरळ केला. बोल्ट बोटांनी लावले, मधून बाहेर गेलो, या बाजूचा एक, त्या बाजूचा एक. पाना चिमटीत धरला होता, शपथ घेऊन सांगतो. पण शेवटच्या चार बोल्टांना मनात आलं, त्याचं शेवटचं काम आहे, हे गळता कामा नये, अजून थोडं... आणि मूठ कधी वळली ते कळलं नाही. कोपऱ्यातून कॉर्क बाहेर सरकलेलं दिसलं. ज्या कोपऱ्यात माझं नाव होतं, तोच.

सकाळी पुठ्ठा ओढला. मधोमध टिकलीएवढा डाग होता.

नवं पॅकिंग बाजारात मिळतं, मला कुणी सांगायला नको. पण चिकटलेलं पॅकिंग कधी अखंड निघत नाही. नवं लावायचं तर त्याचं खरवडून काढावं लागेल, कण न कण, ब्लेडने. ते माझ्याने होणार नाही. म्हणून जीप दारात उभी असते आणि रोज सकाळी मी पुठ्ठा बदलतो. डाग आता रुपयाएवढा पडतो. मी वाकतो, बघतो, आणि नेमाप्रमाणे मोठ्याने सांगतो, “ओला आहे रे, शांतवन.” मग थोडा वेळ तसाच उभा राहतो. ‘ओला’ म्हटल्यावर तो कधी वाद घालायचा नाही. पाना घेऊन यायचा.