ओट्यावरचा गुलाबी, पाट्यावरचा काळा

मला चौकस म्हणा, भोचक म्हणा, माझी हरकत नाही. पण कान शाबूत असताना माणसाने ऐकायचं नाही तर काय करायचं? त्याच कानांनी यंदा माझ्या सख्ख्या भाच्याचं लग्न मोडत आणलं होतं, तेवढं सांगते.

गडग्यापलीकडची, म्हणजे आमच्या दगडी कुंपणापलीकडची, सुप्रिया शाळेत बाई आहे. तिला मी कट्टा गावचा माझा भाचा संदेश सुचवला. मुलगा सोन्यासारखा. रंगाने तेवढा काळा, आणि डोकं पटकन तापतं, तितकंच पटकन निवतं. बघणं झालं होतं, होकार यायचा होता.

रविवारी सकाळी सुप्रिया आली. "काकी, तुमचो तो मोडको वरवंटो माका जरा देवा." दिला. कशाला, ते विचारायचं राहिलं. मी, आणि विचारायचं राहिलं!

मग मी गडग्यावर कोकमाची सोलं सुकत घालत होते, तर पलीकडून तिचा आवाज. चांगला शुद्ध, शाळेतला.

"दोघांचं मूळ एकच. पण हा काळा, उफाळून बाहेर आला आणि लगेच थंड पडला. हा गुलाबी मात्र खोल आत राहिला, सावकाश निवला. म्हणून याची चमक वेगळी. घरात मिरवायला लोक हाच नेतात."

माझ्या हातातली सोलं हातातच. काळा म्हणजे आमचा संदेश, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? तडक वैनीला, संदेशच्या आईला, फोन लावला.

"वैनी, चेडवाक दुसरोच कोण तरी आवडता."

"कोण गो?"

"गुलाबी गोरो आसा. आणि मूळ एकच म्हणता, म्हणजे आपल्याच भावकीतलो."

वैनीने पुढचं ऐकलंच नाही. त्यांच्या भावकीत गोरा एकच, शेजारच्या घरातला प्रसाद. दहा मिनिटांत कट्ट्याला दोन घरांचं बोलणं बंद. तासाभरात संदेश मोटरसायकलने सुप्रियाच्या दारात, खळ्यात. मी मागोमाग. साक्षीदार नको?

"माका सरळ सांग," संदेश म्हणाला. "प्रसाद की मी?"

"खंयचो प्रसाद?"

"जो आत सावकाश निवता तो," मी आठवण करून दिली.

सुप्रियाने माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि ताट घेऊन आली. ताटात दोन दगड. एक माझा वरवंटा, दुसरा त्यांच्या नव्या ओट्याचा उरलेला गुलाबी ग्रॅनाइट. सोमवारी तिला वर्गात खडक शिकवायचे होते, त्याची तालीम चालली होती. दोन्ही दगड पृथ्वीच्या पोटातल्या तापलेल्या रसाचेच. बाहेर येऊन झटकन निवला तो काळा बेसॉल्ट, त्याचे कण बारीक. खोल जमिनीत लाखो वर्षं निवत राहिला तो ग्रॅनाइट, त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात.

संदेश पटकन निवला. "म्हणजे मी वरवंटो?"

"घट्ट आसता तो," सुप्रिया म्हणाली. "माका काळोच होयो."

चक्क माझ्यादेखत. म्हणजे होकार आला तो माझ्यामुळेच, हे मी आजही सगळ्यांना सांगते.

सोमवारी संध्याकाळी वरवंटा परत आला, तेव्हा आमच्या ह्यांना पुन्हा सगळी हकीकत ऐकवली. ह्यांनी वरवंटा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ह्यो तुजो सख्खो भाव गो. आत कायएक रवणा नाय, सगळा उफाळान भायर. तुज्या पोटात ग्रॅनाइट जन्मात होवचो नाय."

नवराबायकोतलं बोलणं हे. बाहेर कोणाला कळायचं कारणच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी बाजारात जो तो मला विचारतोय, "काय गो, ग्रॅनाइट झालो काय?"

सांगितलं कोणी? मीच की.