महादूकाकाने खीर घेतली, पण खाल्ली का?

वस्तीतल्या पोरांनो, विहारात जमाल तेव्हा हे सगळ्यांना वाचून दाखवा.

आज बुद्धपौर्णिमा, पण इथं भिवंडीत सुट्टी मिळाली नाही. सकाळी वंदना केली आणि खिरीचा डबा घेऊनच कापडाच्या कारखान्यात ड्युटीवर आलो. सुजाताच्या खिरीनं बुद्धांच्या अंगात बळ आलं, मग आपल्या खिरीनं कुणाचं काय बिघडेल?

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना विचारलं. सगळ्यांची पोटं अचानक भरली. वळ गावच्या महादूकाकानं तेवढी स्वतःची वाटी पुढं केली. हा माणूस माझ्या माठातलं पाणी पीत नाही! वाटी घेऊन तो कारखान्यामागं गेला. फेकणार, असं वाटून मी मागोमाग गेलो.

काका भिंतीआड बसून बोटं चाटत होता.

"चोरून का खाता, काका?"

"आत आमच्या गावची पोरं हायेत. घरी सांगतील. आनखी हाय का रं?"

"हाय. पण आत सगळ्यांत बसून खायची."

लूम सुरू झाले, तसा काका वाटी पंच्यात गुंडाळून आत गेला.

उरलेली खीर माझ्यापुढं तशीच आहे. आपण तर सगळ्यांचं मंगल होवो म्हणतो. मग सांगा, मी त्याला तिथंच वाढायला हवी होती का?