वहिनींना पाठवा

जऊळक्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बायको आणि मी, दोघंही आयटीआयचे इलेक्ट्रिशियन. लग्नाआधी ती अकोल्याला विजेचे पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात होती. तरी दुकान माझं आणि ती माझ्या हाताखाली, असंच मी धरून चाललो होतो.

गेल्या हंगामात शिरपूर रस्त्यावरच्या दालमिलमधून बोलावणं आलं. तूर वर नेणारं बादल्यांचं एलेव्हेटर बादल्या भरलेल्या असताना थांबलं की पुन्हा उचलायचंच नाही. मोटार नुसती घुमायची आणि तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह ट्रिप होऊन बंद पडायचा. हा ड्राइव्ह मीच व्ही बाय एफवर लावून दिला होता: वेग कमी केला की व्होल्टेजही त्याच मापात कमी. सुरुवातीला जोर मिळावा म्हणून बूस्ट वाढवला, अजून वाढवला. मोटार इतकी तापली की हात लावता येईना.

"मोटार खोलावी लागते," मी मालकाला म्हणालो.

पुढं शिरपूरला मेहुणीकडं जायचं होतं म्हणून बायको सोबत होती. तिनं मोटारीची प्लेट वाचली. "अवो, मोटार चांगली हाय. ड्राइव्ह व्हेक्टरवर टाकून पाहा ना."

"कायले? व्हेक्टर जड उचलीले लागते. हे का क्रेन हाय?"

"पट्टा तं उतरवा. रिकाम्या मोटारीवर ट्यूनिंग करून पाहू."

मालकानं माझ्याकडं न बघताच माणसाला पट्टा उतरवायला सांगितलं. तिनं प्लेटवरचे आकडे ड्राइव्हमध्ये भरले. ड्राइव्हनं मोटार आपली आपण फिरवून तिचं माप घेतलं आणि थांबवली. मालकाला ती सांगत होती, "आता हा नुसता व्होल्टेज देऊन मोकळा होत नाही. करंट पायत राह्यतो, जोर किती लागून राह्यला ते वळखतो, अन् तेवढाच देतो."

पट्टा चढवला. भरल्या बादल्या एकही झटका न देता वर निघाल्या.

"वा वहिनी!" मालक म्हणाला. चहाचा पहिला कप तिच्या हातात गेला.

मी माझा कप तसाच ठेवून हत्यारं पिशवीत कोंबली. शिरपूरपर्यंत ती त्या कामाबद्दल एक अक्षरही बोलली नाही. तिनं थोडी तरी बढाई मारावी, म्हणजे मला भांडता येईल, असं वाटत होतं. ती मात्र बहिणीसाठी कोणती भाजी घ्यायची ते विचारत होती.

मग फोन सुरू झाले. नंबर माझा, पण निरोप, "वहिनींना पाठवा."

इंझोरीकडच्या एका कारखान्यात दोघंही गेलो. तिथं एकाच ड्राइव्हवर चार पंखे चालायचे. तिथल्या मालकाला व्हेक्टरच हवं होतं. मी तिच्यासमोर मोठ्यानं सांगितलं, "एकावर चार मोटारी असल्या तर ड्राइव्ह कोणाचा करंट वळखन? व्ही बाय एफच पायजे." आणि ती विरोध करेल म्हणून वाट पाहत राहिलो.

"बरोबर हाय यायचं म्हननं," ती म्हणाली आणि ड्राइव्हचं कीपॅड माझ्या हातात देऊन बाजूला झाली.

मी जिंकलो होतो आणि तोंडाला चव नव्हती. ती शर्यतीत उतरलीच नव्हती. याचाच मला जास्त हेवा वाटला.

हिवाळ्यात शेवटी मीच म्हणालो, "ते ट्यूनिंग मले दाखव."

"इतके दिवस काहून नाही इचारलं?" एवढंच बोलून तिनं दुकानातली एक मोटार टेबलावर घेतली. चुकलो की ओरडायची. आता मला व्हेक्टर येतं. तरी कोणी फोनवर "वहिनी आहेत का?" म्हटलं, की मी "देतो" म्हणतो, गुंडाळीला वार्निश लावत बसतो आणि कान तिच्याकडं ठेवतो.