मंदिराचा पहिला शिक्का

पोस्टाचा विशेष शिक्का एका दिवसापुरताच असतो. त्या दिवशी पाकिटावर मारून घेतला तर घेतला, नाहीतर संपलं. बुऱ्हाणपूरच्या आमच्या जुन्या जैन मंदिराचं शिखर शिक्क्यावर येणार हे कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. लगेच जळगावला ताईला फोन लावला. वाटीतल्या पाण्यात भिजवून पोस्टाची तिकिटं अलगद सोडवायला मला तिनेच शिकवलं होतं. वर्षभरात तिची नजर फार मंदावली होती. ती म्हणाली, "पहिला शिक्का माझ्या पाकिटावर घे. दिसतंय तोवर बघून घेते."

मग काय! बुऱ्हाणपुरातल्याच लालबागहून सकाळीच निघाले, ती टेबल मांडायच्या आधी मंदिराच्या मांडवात हजर. पाकिटावर तिकीट चिकटवलेलं, पत्ता घातलेला. मागे रांग वाढत गेली, पण मी कुणाला तसूभर पुढे सरकू दिलं नाही. एक काका नुसते डोकावले तरी मी डोळे वटारले.

पोस्टाचे बाबू आले. डबीतून नवाकोरा शिक्का काढला आणि शाईच्या आधी खिशातून कुंकवाची पुडी! फूल, अगरबत्ती, शिक्क्यावर ओल्या कुंकवाचं बोट, सगळं साग्रसंगीत.

"अहो, शिक्क्याला कशाला?" मी ओरडलेच.

"मॅडम, नवी चीज आहे. पूजा तं करनीच पडते ना!"

हात जोडून त्यांनी शिक्का शाईत दाबला आणि ताईच्या पाकिटावर ठोकला. शिखराच्या बारीक रेघा कुंकवाने बुजलेल्या. काळ्या शाईत भला मोठा लाल डाग! माझा पारा असा चढला की बाबूंनी ओशाळून शिक्का फडक्याने खसाखसा पुसला. मी दुसरं पाकीट पुढे केलं. त्यावर शिखर इतकं लख्ख उठलं की राग विसरून मी टाळीच वाजवली. पण पहिला तो पहिलाच, आणि तो ताईला कबूल केलेला. दोन्ही पाकिटं तिच्या नावाने डाकेत टाकली.

चार दिवसांनी तिचा फोन आला.

"दोन्ही मिळाली गं. एकावर शिखर फार सुंदर आहे, असं सूनबाई सांगते."

"आणि दुसरं?" मी भीत भीत विचारलं.

"त्याच्यावरचं लाल मला दिसलं. माझं मला दिसलं."