खोटा धीर न देणारा दादा

आमच्या दादाला खोटा धीर देता येत नसे. लहानपणी वडिलांचा घोडा आजारी पडला, तेव्हा घरातले सगळे "होईल बरा" म्हणत होते. दादा तेवढा म्हणाला, "नाही वाचणार." वडिलांनी त्याच्या मुस्काटात दिली. घोडा दुसऱ्या दिवशी गेला.

आमचं घराणं उत्तरेतल्या एका संस्थानच्या रिसाल्यातलं, म्हणजे घोडदळातलं. राजधानीत गोरखी वाड्याजवळ राहणाऱ्या आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता. दादा मात्र आरमारात गेला आणि युद्ध सुरू झाल्यावर सुरुंग काढणाऱ्या बोटीवर अधिकारी झाला. रजा संपवून निघताना आईने विचारलं, "सुखरूप येशील ना रे?"

"प्रयत्न करेन," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांवर आईने युद्धाची वर्षं काढली. दारात सायकलची घंटी वाजली की तारवाला असेल म्हणून तिच्या हातातलं लाटणं थांबे.

एकदा तो न कळवता आला. दाढी वाढलेली, डाव्या कानाने ऐकू येईनासं झालेलं. सुरुंग फुटून बोटीत पाणी शिरलं होतं आणि बोटीवरचे चौघे गेले होते; त्यांतला एक आपल्याच शहरातल्या किला गेट भागातला. चहाही न घेता मला म्हणाला, "छबू, चल माझ्याबरोबर. एकट्याने जाववत नाही."

त्या मुलाच्या वडिलांचं सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान होतं. तार त्यांना मिळाली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "साहब, मेरा लड़का डरा तो नहीं था?"

नाही म्हण, दादा. आयुष्यात एकदा तरी नाही म्हण.

"डरा था, काका," दादा म्हणाला. "मैं भी डरा था. फिर भी उसने पंप नहीं छोड़ा."

म्हाताऱ्याने दादाचा हात धरून त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

युद्ध संपलं, पण समुद्रातले सुरुंग संपले नव्हते. दिल्लीची टेबलावरची नोकरी चालून आली, ती नाकारून दादा पुन्हा बोटीवर निघाला. स्टेशनवर आई त्याच्याशी बोलेना. गाडी हलताना मात्र एकदम म्हणाली, "किती पोरं आहेत रे तुझ्या हाताखाली?"

"साठ."

"त्यांना जप."

स्वातंत्र्याच्या वर्षी तार आली: काम पुरं झालं, दादा कॅप्टन झाला. वडील टोपी घालून पेढ्यांसाठी इंदरगंजच्या बाजाराकडे निघाले. आईने त्यांना अडवलं. "पोरं सगळी परत आली का, ते विचारा आधी."

उत्तर यायला नऊ दिवस लागले. पत्र मी मोठ्याने वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत आई उभीच होती. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "जा, आता आणा पेढे."