घुबडाचा माग

सत्तावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाने दुसऱ्याला शंका विचारायची म्हणजे नाक कापून घेणंच, असं सरांचं मत. ऑफिसात कुणीही अडलं की सरांकडे जायचं. सर कुणाकडे गेल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. पण कंपनीने प्रोग्रॅमची जुनी भाषा मोडीत काढली आणि 'नवी दोन महिन्यांत शिका, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल' असं सांगितलं, तेव्हा त्यांचं धाबं दणाणलं. प्रोग्रॅमर मंडळींच्या एका ऑनलाइन ग्रुपवर ते 'नवशिक्या' या नावाने गुपचूप शिरले.

तिथे त्यांना 'घुबड' नावाचं कुणीतरी भेटलं. ते भरपूर चेष्टा करायचं, पण उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही.

"नवशिक्याभाऊ, कंस उघडता आणि विसरता. घराचं दार तरी लावता ना?"

सर चडफडत कंस बंद करायचे आणि प्रोग्रॅम मुकाट चालायचा.

पण फुकटात एवढी मदत कोण करतं? सरांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. ऑफिस सुटलं की घुबड गप्प. सगळे मीटिंगमध्ये अडकले, त्या दिवशी तर त्याचा पत्ताच नाही. शिवाय सोमवारी टवाळ, मंगळवारी एकदम आदबशीर! म्हणजे मेलं इथलंच आहे आणि साहेबांकडे चहाड्या करणार, अशी सरांची खात्रीच पटली.

शेवटी त्यांनी सापळा लावला. ग्रुपवर विचारलं, "प्रोग्रॅम चालत नाही. संगणक उन्हात ठेवावा का?" आणि झटकन मान वर केली.

कोपऱ्यातल्या टेबलाशी चौघं एकाच स्क्रीनवर वाकून खिदळत होते. कीबोर्डवर बोटं होती प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेस्टिंगवालीची. सर तरातरा तिथे गेले.

"तर घुबड तू!"

"एकटी नाही, सर," ती चाचरत म्हणाली. "आम्ही चौघं. ज्याला जे येतं, ते तो सांगतो."

"मला ओळखलंत कधी?"

"पहिल्याच दिवशी. ग्रुपवर टाकलेल्या फाइलींना 'बघू१', 'बघू२' अशी नावं तुमच्याशिवाय कोण देतं?"

"साहेबांना सांगितलंत?"

"छे! काहीतरीच काय!"

"मग मला का नाही सांगितलं?"

चौघं एकमेकांकडे बघू लागले. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही विचारणं बंद केलं असतं, सर."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस ते याच पोरांमध्ये चोर शोधत होते. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि चौघांच्या मधोमध बसले.

"कालचं ते पुन्हा सांगा," ते म्हणाले. "मला कळलं नव्हतं."